वाकळेचं शेवटचं ठिगळ

माझी बायको म्हाळसा वारली आणि मी नगरपालिकेच्या चाळीतली खोली सोडली. तिनं अर्धीच शिवलेली वाकळ तिथं राहिली. भाडेकरूंचं राहिलेलं सामान कोठीत मोहोर लावून ठेवतात आणि तीन महिन्यांनी त्याचा लिलाव होतो. तिच्या हातचं तेवढंच उरलं होतं, म्हणून शेवटच्या दिवशी मी गेलो.

कोठीवाल्या भीमाण्णांनी माझ्यासमोर मोहोर फोडली.

“अर्धी म्हणाला हुता की, बिरप्पा. ही तर पुरी हाय!”

मला काही कळेना. टाके म्हाळसाचेच होते, तिरके. शेवटचं ठिगळ निळ्या पट्ट्यांचं होतं.

“वाकळंला नवं कापड कोण लावतंय व्हय?” भीमाण्णा हसले. मग ठिगळावरून त्यांची नजर माझ्या सदऱ्यावर गेली.

निळ्या पट्ट्यांचा तो सदरा मी सकाळीच पहिल्यांदा घातला होता. मी मागं हात नेला. हाताला उघडी पाठ लागली.