सनोबरचा सामना

सनोबर राज्याच्या संघातून खो-खोचा अंतिम सामना खेळत होती आणि तिचे वडील, गावच्या मशिदीचे इमाम, पडवीत बसून होते. इमामाने घरी टीव्ही ठेवायचा नाही, दुसरीकडे बघायचाही नाही, हा जमातीचा नियम.

"मी चालले शेजारी हमिदाकडे, टीव्हीवर सामना बघायला," बायको म्हणाली. "आजच्या दिवस तुम्हीही चला ना."

"नको. तू डोळे भरून बघ."

शेजारून आरडाओरडा ऐकू येऊ लागला. वर्षभरात लेक घरी आली नव्हती. मैदानात पळताना ती कशी दिसते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

एकदम शेजार शांत झाला. इमाम अनवाणीच कुंपणाकडे धावले.

"काय झालं गं?"

"पडली!" खिडकीतून बायको ओरडली. "थांबा... उठली! पळतेय बघा!"

"मला कुठलं दिसतंय," कुंपणाची काठी घट्ट धरून ते म्हणाले. "तू सांगत राहा."