भेगेवरची काच

काचेची पट्टी वीतभर लांब आणि दोन बोटं रुंद होती. तटाच्या आतल्या अंगाला वरपासून खालपर्यंत एक भेग गेली होती. तिच्यावर ती आडवी बसवलेली होती, दोन्ही टोकं सिमेंटात. मधोमध केसाएवढा तडा. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी वाकून तो जवळून पाहिला. ताजा होता, कडांवर धूळ बसली नव्हती.

"काय गं, भिंतीलाही मोतीबिंदू झालाय का?" मागून थोरल्या नणंदबाईंनी विचारलं. एकेक पायरी चाचपत त्या वर आल्या होत्या. "मला बाई एका डोळ्यानं अर्धंच गाव दिसतंय. तिकीट मात्र पूर्ण काढायला लावलं."

खाली, दोघी पाहायला आल्या होत्या ते जुनं गाव तटाच्या आत दाटीवाटीनं बसलं होतं. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरावं एवढ्याच गल्ल्या. एका खिडकीत मोजे वाळत होते. कुठूनतरी कुलपं दुरुस्त करणाऱ्याची कानस ऐकू येत होती.

घमेलं घेऊन एक गवंडी आला. त्यानं छिन्नीनं जुनी काच उचकटली आणि तुकडे पिशवीत टाकले.

"फुटली म्हणून बदलताय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हो. यंदाची ही तिसरी."

"मग आधीच्या दोन कधी फुटल्या, ते कुठे लिहून ठेवलंय?"

"लिहायचं कशाला? फुटकी काच दिसली की पाहुणे बिचकतात. साहेबांनी सांगितलंय, फुटली की लगेच बदल."

"अहो, भिंत अजून सरकतेय का, ते कळावं म्हणून लावतात ती. फुटण्यासाठीच असते."

"ते मला ठाऊक आहे," गवंडी सिमेंट कालवत म्हणाला. "पण सातशे वर्षं उभी आहे ही भिंत. माझ्या नोकरीपुरती राहील की उभी."

नणंदबाई खळखळून हसल्या. डॉक्टरीणबाईंना हसू आलं नाही. त्यांचा उजवा हात सकाळपासून कोटाच्या खिशात होता. गेल्या आठ महिन्यांत त्यांनी ऑपरेशनच्या खोलीतली खुर्ची बदलली होती, कॉफी सोडली होती, अवघड डोळे सकाळी सगळ्यांत आधी घ्यायला सुरुवात केली होती. प्रत्येक वेळी थोडे दिवस बरे गेले होते.

"अगं, थेंबांची वेळ झाली," नणंदबाईंनी पर्समधून बाटली काढली. "कालपासून माझी मीच घालतेय, निम्मे गालावर. घरात डॉक्टर आणि ही दशा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सोमवारी डोळा कापणार आहेस ना माझा? मग आज दोन थेंब तरी घाल."

त्या दगडी कट्ट्यावर बसल्या आणि तोंड आभाळाकडे करून थांबल्या.

डॉक्टरीणबाईंनी हात खिशातून बाहेर काढला. बाटलीचं टोक डोळ्याच्या वर आलं आणि हवेत बारीक गोल गिरवू लागलं. पहिला थेंब भुवईवर पडला. डाव्या हातानं त्यांनी उजवं मनगट धरलं. दुसरा थेंब नाकाच्या कडेनं ओघळला.

"एवढं तर मलाही जमत होतं हो, डॉक्टरीणबाई," नणंदबाई म्हणाल्या. मग त्यांनी चांगला डोळा उघडला. समोरचा हात त्यांना दिसला.

गवंड्यानं नवी काच ओल्या सिमेंटात दाबली आणि फडक्यानं पुसून लख्ख केली. तिच्यातून मागची भेग स्वच्छ दिसत होती.

"झाली नवी," तो म्हणाला.

"तारीख घाला तिच्यावर. आजची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

गवंड्यानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग खिळा घेऊन तो ओल्या सिमेंटात आकडे कोरू लागला. डॉक्टरीणबाई बाटलीचं झाकण लावत होत्या. ते तिसऱ्या खेपेला बसलं.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "सोमवारी तुमचं ऑपरेशन मी करणार नाही. तुमचंच असं नाही. यापुढे कुणाचंच नाही."