बूड

डोंगरावरच्या कॅमेऱ्यातून दर दहा सेकंदांनी जंगलाचा एक फोटो खालच्या ऑफिसात यायचा, आणि त्यात जे जे हलताना दिसेल त्याभोवती मशीन हिरवी रेघ ओढायचं. आज एका पांढऱ्या लोटाने मशीनची पार भंबेरी उडवली. तो फुगला, लांबला, मधोमध तुटून त्याचे दोन झाले. शेवटी मशीनने निकाल दिला: ढग.

"ढग कसला, साहेब? धूर आहे," टेहळणीवरच्या काकू म्हणाल्या. पहिल्याच फोटोत त्यांनी लोटाच्या बुडाशी स्क्रीनवर पेनने ठिपका काढून ठेवला होता. "चाळीस फोटो झाले. डोकं गावभर हिंडून आलं, पण बूड या ठिपक्यावरून तसूभर हललेलं नाही. ढगाला बूड नसतं."

"स्क्रीनवर लिहू नका म्हणून किती वेळा सांगायचं?" गेल्या महिन्यात काकूंचा भोंगा खोटा ठरला होता. दोन वस्त्या उगाच रिकाम्या झाल्या आणि वरच्यांची बोलणी साहेबांनी खाल्ली. तेव्हापासून ते ताकही फुंकून पीत होते. "भोंग्याला हात लावायचा नाही. या वेळीही खोटा ठरला, तर उद्यापासून घरी बसा."

काकूंनी पेनाला टोपण लावलं, उठल्या आणि भोंग्याचं बटण दाबलं. खाली वस्तीतली दारं एकेक करून उघडायला लागली.

"खोटाच ठरू दे, साहेब," त्या म्हणाल्या. "मी सुखाने घरी बसेन."