दिवाळीनंतरची नळी

नळी निघाली. तीन तुकड्यांत, पण निघाली. आता हे वाचलंच नाही असं धरा. कारण नगरच्या दवाखान्यात अजून सकाळचे अकराच वाजलेत आणि नळी मनवाच्या पोटातच आहे.

डॉ. सिल्व्हियांनी एक्स-रे खिडकीकडे धरला. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत गेलेली बारीक नळी, दोन्ही टोकांना वेटोळं. खालच्या वेटोळ्यावर बोराएवढा खडा चढलेला. त्या बोटानं त्या खड्याची कड मोजत राहिल्या. मनवाच्या बापाला, गोरक्षला, वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लघवीला आग कधीपासून होते?"

"पौषापासनं," आई मुक्ताबाई म्हणाली. "ताप बी येऊन जायचा. उन्हाचा आसंल म्हनलं."

"पौषात?"

मुक्ताबाईनं पदर तोंडाशी नेला.

"दसऱ्याआधी हिच्या किडनीचं ऑपरेशन केलं, तेव्हा ही नळी आम्हीच ठेवली होती. कायमची नव्हती ती. दिवाळी झाली की काढायला या, असं सांगितलं होतं ना? आता चैत्र चाललाय."

"दिवाळी झाली की लगीच आलो, मॅडम," गोरक्ष म्हणाला. "परवाच झाली."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. माणूस चेष्टा करत नव्हता.

पाथर्डीकडच्या त्याच्या वस्तीवर असंच असतं. दसरा झाला की सगळे ऊसतोडीला जातात. तिकडं झोपडीत सण करायचा नाही, असा नेम. हंगाम संपवून घरी आले की चैत्रात एक दिवस ठरवायचा, करंज्या तळायच्या, फटाके उडवायचे. मनवानं यंदा फुलबाजी वाकूनच पेटवली. सरळ उभं राहवत नव्हतं.

डॉक्टरांनी जुनं कार्ड उघडलं. त्यावर त्यांच्याच अक्षरात एकच शब्द होता: दिवाळीनंतर. त्यांनी कार्ड टेबलावर पालथं ठेवलं.

"आधी जंतुसंसर्ग आटोक्यात आणू. मग खडा फोडायचा, मग नळी काढायची. नुसती ओढली तर आतलं सगळं फाटेल."

"आन् किडनी?" मुक्ताबाईनं विचारलं.

"उजवी किती उरलीय, ते नळी निघाल्यावर कळेल."

"उरलीय म्हंजी?"

डॉक्टर पुन्हा एक्स-रे बघू लागल्या. तो आता उलटा धरला होता.

बाहेर खिडकीवरचा कारकून म्हणाला, "सहा महिने उशीर आहे. कारण लेखी द्या, त्याशिवाय जुनी फाईल निघत नाही."

गोरक्षनं पेन घेतलं. तारीख लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. शेवटी चौथीतल्या मनवानं ते काढून घेतलं आणि बाकावर कुशीवर पडून लिहायला लागली. तिला एकच अर्ज येत होता, शाळेतल्या रजेचा.

"काय लिवती गं?" मुक्ताबाईनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

"थांब की आई. दुखतंय."

मनवानं ओठ दातांत धरला, एक कळ जाऊ दिली आणि शेवटची ओळ लिहिली:

'तरी पुढील वर्षापासून सर्वांची दिवाळी एकाच दिवशी करण्यात यावी, ही नम्र विनंती.'