जोडीची वर्गणी

समजा, तुमची एक मैत्रीण आहे. तिला तुम्ही कधी पाहिलेलं नाही. तिचा पत्ताही तुमच्याजवळ नाही. ती दूर संबलपूरला राहते, तुम्हाला ओडिया शिकवते, तुम्ही तिला मराठी शिकवता. दोघींची पत्रं एका मंडळाच्या कपाटातून जातात-येतात. आता समजा, एक दिवस ते कपाट तुमच्यासाठी बंद झालं. काय कराल?

सहावीतली सुभद्रा भाषामैत्री मंडळाच्या टेबलासमोर उभी राहून भांडत होती.

"काका, दोन महिने झाले. मिनतीचं पत्र काहून येऊन नाही राहिलं?"

चंपतरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. नागपुरात सीताबर्डीवरच्या त्या एका खोलीत मंडळाचं सगळं काम ते एकटेच पाहत.

"तुले नियम माहीत आहे ना? जोडीतल्या एकाची वर्गणी राहिली, की दोघांचीही पत्रं कपाटात."

"कोणाची राहिली?"

"ते सांगत नसतो. कोण्या लेकराले मान खाली घालाची पाळी येऊ नये, म्हणून तर हा नियम."

"नका सांगू. मले समजते." सुभद्रा फणकारली आणि पाय आपटत जिना उतरली.

मिनतीचं शेवटचं पत्र तिला पाठ होतं. यंदा आमच्या दुकानात पाणी शिरलं, सगळा माल भिजला, असं त्यात होतं. आणि खाली लिहिलं होतं : दिवाळीत मामाबरोबर मुंबईला जाणार आहे. गाडी नागपूरला थांबते. तू स्टेशनवर ये, डबा नि तारीख पुढच्या पत्रात कळवते.

पुढचं पत्र आलंच नव्हतं. दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती.

नंदनवनातल्या घरी, रात्रीच्या जेवणाला, सुभद्राचा राग बाहेर पडला.

"माझी वर्गणी तर जूनमध्येच भरली. हो ना बाबा?"

देवरावांनी मान हलवली. ते छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचं काम करत. बोटांवरची शाई जेवतानाही पुरती निघालेली नसे.

"मंग तिच्या बापाले काय झालं?" सुभद्रा म्हणाली. "वर्षाचे सात रुपये! पैसे नसतील, तर लेकीले मैत्री करूच देऊ नये."

"हळू बोल वं," आई म्हणाली. "शेजारी आयकून राहिले."

"आयकू दे. आम्ही नाही भरली का?"

"झालं माझं," म्हणून देवराव उठले. ताटात अर्धी भाकर तशीच होती.

दुसऱ्या दिवशी सुभद्रानं ठरवलं. मिनतीचे पैसे आपणच भरायचे. पटत नव्हतं, पण दुसरा रस्ताही नव्हता. कोपऱ्यावरचे किराणावाले ओमप्रकाश कागदी पिशव्या विकत घेत. शंभर पिशव्यांचे चाळीस पैसे.

"तिची वर्गणी तू काहून भरशील?" आईनं कपाळाला हात लावला. "तिच्या मायबापाले काही वाटते का?"

संध्याकाळी देवरावांनी छापखान्यातून बिघडलेल्या कागदांचा गठ्ठा आणला.

"मी कापून देतो. तू चिकटव."

"तुम्हाले काम नाही का?"

"आज लवकर सुटलो."

मग ते रोजच लवकर सुटू लागले. पट्टी ठेवून एकसारखे कागद कापत बसत. सुभद्रा खळ लावी आणि मिनतीला नावं ठेवी. पहिली खळ पातळ झाली. ओमप्रकाशांनी दोनशे पिशव्या परत दिल्या.

"बेटी, इसमें शक्कर डालूँगा तो घर तक चींटियाँ ही पहुँचेंगी!"

सुभद्रा रडकुंडीला आली. देवरावांनी पुन्हा पाणी तापायला ठेवलं आणि या वेळी पिठाची खळ स्वतः घोटली. एकदा तिनं चिडून विचारलं, "बाबा, तुम्हाले मिनतीचा राग नाही येत?" ते म्हणाले, "कागद सरळ धर, बेटा."

दिवाळीच्या चार दिवस आधी ती सात रुपयांची चिल्लर रुमालात बांधून चंपतरावांपुढे उभी राहिली.

"जोडीची जी वर्गणी राहिली आहे, ती मी भरते. कोणाची ते सांगू नका."

चंपतरावांनी तिच्या हातांकडे पाहिलं. तिच्या बोटांना वाळलेली खळ चिकटलेली होती.

"घरी विचारलं?"

"बाबांनीच तर कागद कापून दिले."

त्यांनी पैसे घेतले. कपाट उघडून तीन पत्रं काढली आणि तिच्या हातात ठेवली.

"जा आता."

"पावती?"

"पावती कशाले पाहिजे? माझ्यावर भरोसा नाही का?"

"पैसे दिले की पावती घ्यावी, असं बाबा म्हणतात."

चंपतरावांनी हळूहळू पावती लिहिली, तिची चार वेळा घडी घातली आणि दुसरीकडे पाहत पुढे केली.

जिन्यातच तिनं पहिलं पत्र फोडलं. मिनती रविवारी सकाळी येणार होती, तिसऱ्या डब्यात. दुसऱ्या पत्रात एकच तक्रार होती : तू का लिहीत नाहीस? तिसऱ्यातही तेच. सुभद्रा खुशीत दोन पायऱ्या उतरली आणि पावती उघडली.

'सभासद क्रमांक एकशे बेचाळीस. कु. सुभद्रा देवराव बोरकर, नंदनवन, नागपूर. यंदाची वर्गणी, रुपये सात.'

ती पायरीवर बसली. लोक तिला ओलांडून वर-खाली जात राहिले.

घरी पोचली तेव्हा देवराव दारातच होते.

"भरले का मिनतीचे पैसे?" त्यांनी खाली पाहत विचारलं.

"भरले, बाबा," सुभद्रा म्हणाली. आत जाऊन मुठीतली पावती तिनं चुलीत टाकली आणि ती जळेपर्यंत तिथेच बसून राहिली. "त्या दिवशी मी तिच्या बाबांले तसं बोलाले नको होतं."