बोर्डावरचं नाव

“शेवटचा प्रश्न, काका,” श्रेया म्हणाली. “आणि खरं उत्तर द्या. दुसऱ्याच्या नियमाने चालणं तुमच्या स्वभावात बसतं का?”

भारतने आईकडे पाहिलं. आक्काबाई पालथ्या बादलीवर बसली होती, कारण बीड बायपासवरच्या त्या नव्या गाळ्यात बसायला दुसरं काहीच नव्हतं. फरशीवर सिमेंटची धूळ होती. बाहेर कमानीवर कॉम्प्लेक्सचं भलंमोठं इंग्रजी नाव चमकत होतं. दोन पावसाळे कोरडे गेले होते, नळाला पाणी नव्हतं, पण शहराला त्याचं काही नव्हतं. ते आपलं वाढतच होतं.

श्रेया चहाच्या कंपनीची माणूस. फ्रँचायझी कुणाला द्यायची, हे ती माणसाशी बोलून ठरवायची. नियम तिने आधीच सांगून टाकले होते. पावडर कंपनीची, कप कंपनीचा, ॲप्रन कंपनीचा. आलं आपल्या मनाने किसायचं नाही. भारतला वाटलं, आता फुंकर तेवढी गिऱ्हाइकाची स्वतःची राहिली. बोर्डही कंपनीचाच, आणि तिथेच त्याचं घोडं अडलं होतं.

त्याची स्टेशन रोडची टपरी रस्ता रुंद करताना गेली. तिच्यावरचा पिवळा बोर्ड तेवढा त्याने उचलून घरी आणला आणि खाटेमागे उभा केला. त्यावर लिहिलं होतं, ‘मल्हारी टी हाऊस’. मल्हारी त्याचा बाप. बापाने मागे ना जमीन ठेवली, ना घर. फोटोसुद्धा नाही. बापाचं नाव जगात कुठे लिहिलेलं असेल तर त्या एका पत्र्यावर. आज नाही म्हटलं तर हा गाळा दुसऱ्याला जाणार होता, आणि पन्नाशी ओलांडलेल्या भारतला कुणाच्या तरी हॉटेलात कपबशा विसळाव्या लागणार होत्या. हो म्हटलं तर पत्रा कायमचा खाटेमागे.

“खरं सांगू का मॅडम?” तो म्हणाला. “आम्ही धनगर मान्सं. मोकळ्या रानात वाढलेलो. हे कर, ते करू नको, असं कुनी म्हनलेलं आमाला सोसत नाय.”

बोलता बोलता त्याला ते रान दिसू लागलं. शहराच्या या अंगाला तेव्हा नुसती शेतं होती. नेमकी कुठली, ते आता आक्काबाईलाही सांगता आलं नसतं. बाप सांजेला कुणाच्या तरी शेतात लेंडीखतासाठी जाळी ताणून मेंढरं आत घ्यायचा. आई तीन दगडांवर भाकरी थापायची. कोकरं डालग्याखाली झाकली की भारत बापाच्या घोंगडीत शिरायचा. त्या घोंगडीला लेंड्यांचा, दुधाचा आणि बापाचा वास यायचा. तसली झोप त्याला पुन्हा कधी लागली नाही.

“मोकळं रान?” आक्काबाई बादलीवरून हसली. “कुनाचं रं ते?”

“कुनाचं म्हंजे? लोकांचं.”

“आन् मेंढरं कुठं बसवायची, ते कोन सांगायचं?”

“मालक.”

“आज हितं, उद्या तितं. बांध सोडून जायचं नाय, उभ्या पिकाला तोंड लावू द्यायचं नाय. तुझ्या बापानं जलमभर दुसऱ्याचाच नियम पाळला, भारता. म्हनून तर मालक लोक त्यालाच बोलवायचे.”

 हे भारतला कधी सुचलंच नव्हतं. घोंगडीतल्या पोराला सगळंच मोकळं वाटतं.

“आसंल,” तो हळूच म्हणाला. “पन माय, बोर्डावर त्याचं नाव राहनार नाय.”

 आक्काबाईने पदर डोक्यावर ओढून घेतला. श्रेया बिचारी मोबाइलकडे पाहत राहिली.

तेवढ्यात कॉम्प्लेक्सचे मालक नानासाहेब फोनवर ओरडत आत आले. पाण्याचा टँकरवाला रस्ता चुकला होता.

“अरे, कॉम्प्लेक्सचं नाव काय इचारतो? ते कुनाला ठाव हाय! कुनालाबी इचार, मल्हारीचा तुकडा कुठंय. व्हय, मल्हारीचा तुकडा. ये लवकर.”

फोन ठेवून त्यांनी कपाळ पुसलं. भारत त्यांच्याकडे टक लावून पाहत होता.  श्रेयानेच विचारलं.

“मल्हारी कोण?”

“होता कुनी धनगर,” नानासाहेब म्हणाले. “मी बघितला नाय, वडील सांगायचे. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या हिरीला घोटभर पानी होतं. ते त्यानं मेंढरांना पाजलं आन् त्याच्या बदल्यात कळप या तुकड्यात बसवला. रोज जाळी हलवायचा, वावभर जागा सोडली नाय. पुढल्या साली पाऊस झाला तवा त्या लेंडीखतावर हितं लई बाजरी आली. मानूस आत शिरला तर दिसत नव्हता. तवापासून हेच नाव. सातबारा आमच्या वडिलांचा, पन त्यांच्या नावानं हा तुकडा कुनीच वळखत नाय.”

आक्काबाई बादलीवरून उठली. वाकून तिने फरशीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. नानासाहेबांना वाटलं, म्हातारीने नव्या दुकानाला नमस्कार केला.

भारतच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं.

“मॅडम,” तो म्हणाला, “बोर्ड तुमचाच लागू द्या.”