पिठाच्या डब्यातलं पत्र

"मेली? मेली म्हणजे काय?" चष्मिष उभाच राहिला. "आत्ता तर तिचं लग्न झालं!"

"लग्न पहिल्या भागात झालं," रडूबाई नाक पुसत म्हणाली. "तो तुझ्याकडे. माझ्याकडे पाचवा आहे. पाचव्यात मरते."

वाचक मंडळाची खोली कॉलेजच्या लायब्ररीला लागूनच होती, मध्ये फक्त एक प्लायवूडचं पार्टिशन. मंडळात पाच जण आणि लायब्ररीत त्या नावाजलेल्या शोकांतिकेची प्रत एकच. पानं सातशे, मुदत पंधरा दिवस. एकाने वाचून दुसऱ्याला द्यायची म्हटलं तर पाचव्याचा नंबर लागेपर्यंत तो पदवीधर झाला असता. तेव्हा ताईने भाजी चिरायची सुरी काढली आणि कलिंगडासारखे कादंबरीचे पाच भाग केले. ज्याने त्याने आपापला वाचायचा, शेवटच्या दिवशी एकमेकांना सांगायचा, मग डिंकाने चिकटवून गुपचूप परत.

ताई कुणाची सख्खी ताई नव्हती. शेवटच्या वर्षाला होती, म्हणून सगळ्यांची ताई. पुस्तक तिच्याच कार्डावर होतं. सोमवारपासून तिची परीक्षा, आणि कार्डावर लायब्ररीचा शिक्का बसल्याशिवाय हॉल तिकीट मिळत नव्हतं. मुदत आज पाच वाजता संपत होती. त्यात लायब्ररीवाले काका म्हणजे साक्षात जमदग्नी. पानाचा कोपरा दुमडला म्हणून त्यांनी एका मुलीला घरून इस्त्री आणायला लावली होती.

"पाऊण तास उरलाय," ताई म्हणाली. "आधी डिंक."

"डिंक गेला खड्ड्यात! तिचा नवरा काय करत होता?" चष्मिष ऐकेना. "देवमाणूस आहे तो. एकशे चाळीस पानं ओळखतो मी त्याला."

"देवमाणूस?" दुसऱ्या भागाचा गोट्या फिसकन हसला. "तुझ्या देवमाणसाने दिवाणखान्यातला आरसा फोडला आणि जहाजावर पळून गेला. मी तर त्याचं तोंडही बघत नाही."

"सासूने हिला घराबाहेर काढलं तेव्हाही ह्या बाबाचा पत्ता नव्हता." आता ताईलाही राहवेना. तिच्याकडे तिसरा भाग. "बिचारी लोकांचे सदरे शिवून पोट भरते. पण काय हिंमत! ती अशी मरणारी बाई नाहीये. रडूबाई, नीट वाचलंस ना?"

"तीनदा वाचलं. भाड्याच्या खोलीत, तापात, खिडकीकडे बघत बघत गेली. शेवटपर्यंत एकच विचारत होती, त्याचं पत्र का नाही आलं?"

"पत्र?" कोपऱ्यातून आवाज आला. तो केमिस्ट्रीवाला होता, चौथ्या भागाचा मालक. "निळ्या पाकिटातलं? 'येतोय, वाट बघ' असं लिहिलेलं? ते माझ्याकडे आहे."

चौघांच्या माना एकदम त्याच्याकडे वळल्या.

"म्हणजे दिराकडे. त्याने पिठाच्या डब्यात लपवलंय."

"तुझ्याकडे पत्र होतं," रडूबाई सावकाश म्हणाली, "आणि तू मूग गिळून गप्प बसलास?"

"मला काय माहीत ते कुणाचं आहे? माझ्या भागात नायिकाच नाही! नुसता दीर आणि त्याची पिठाची गिरणी. मला वाटलं, दीरच हिरो."

"अरे, रोज मेसमध्ये माझ्यासमोर बसून जेवतोस! एका शब्दाने बोलला असतास तर? मंगळवारी तिला ताप चढला. मंगळवारी! सोमवारी सांगितलं असतंस तर आज ती असती."

"मी डब्यापर्यंत पोचलोच गुरुवारी!" केमिस्ट्रीवाला रडकुंडीला आला. "बुधवारी प्रॅक्टिकल होतं माझं!"

"ऐका! बाईचा जीव गेला आणि ह्याचं प्रॅक्टिकल!"

चष्मिषने त्याची कॉलर धरली. "माझ्या हाताने लग्न लावून दिलं होतं मी तिचं," असं काहीबाही तो ओरडत होता. गोट्या सोडवायला गेला, तर त्यालाच एक बसली. डिंकाची बाटली आडवी झाली. पहिला भाग टेबलाला चिकटला. दुसऱ्यावर गोट्या बसला.

आणि दार उघडलं. दारात काका उभे होते. पाच वाजून गेले होते. पार्टिशनपलीकडून ते किती वेळ ऐकत होते, कुणास ठाऊक.

ताईने हाताला लागले तेवढे तुकडे ओंजळीत घेतले आणि पुढे धरले.

"काका, सुरी माझी. ह्यांना काही बोलू नका."

काकांनी एकेक तुकडा उलटून पाहिला. तिसऱ्यावर चहाचे डाग. चौथ्याच्या समासात 'कंटाळा' असं अकरा वेळा लिहिलेलं. पाचवा रडून रडून फुगलेला. पहिला त्यांनी टेबलाशी वाकून पाहिला. दुसरा पाहायला ते गोट्याच्या मागे गेले.

मग ते बाहेर पडले.

ताईने डोळे मिटून घेतले. वर्ष वाया गेलं.

काका परत आले. ताईच्या कार्डावर त्यांनी शिक्का मारला. काखेतली दुसरी जाडजूड कादंबरी टेबलावर ठेवली, तिच्यावर आपली कागद कापायची सुरी ठेवली आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

"आठशे पानं आहेत," ते म्हणाले. "सहा तुकडे करा. फक्त मला शेवटचा देऊ नका. हिच्यातलीही मरते."